पंख्यातलं मला सांगू नका

बिरवाडीत मी ज्यांच्या चाळीत भाड्याने राहत होतो, त्यांना 'काका' म्हटलेलं चालत नसे. काका म्हटलं की ऐकूच न आल्यासारखे उभे राहायचे. 'मालक' म्हटलं की मान वळायची आणि 'साहेब' म्हटलं की सगळा देह वळायचा. पहिल्याच दिवशी मी सवयीने काका म्हणालो, तेव्हा त्यांनी भिंतीकडे बघत सांगितलं की मुंबईत कंपनीत त्यांना सगळे साहेब म्हणत. ती कंपनी छताचे पंखे बनवायची आणि मालक तिथे 'टेस्टिंगला' होते. त्यांचा मेहुणा एकदा गणपतीला आला होता. तो बोलता बोलता म्हणाला, भावोजी पॅकिंगला होते, खोक्यांवर चिकटपट्टी मारायचे. त्या कामात कमीपणा काहीच नाही. पण खोकी चिकटवता चिकटवता आतल्या वस्तूचं सगळं ज्ञान आपल्या अंगात शिरलं, असा ज्याचा समज होतो त्याच्या हाती स्क्रू-ड्रायव्हर लागू नये. मालकांच्या शर्टाच्या खिशात तो पेनासारखा अडकवलेला असे, टेस्टरवाला, पिवळ्या मुठीचा. देवळात जातानाही.

चाळ म्हणजे एका रांगेतल्या आठ खोल्या, वर सिमेंटचे पत्रे. राहणारे सगळे एमआयडीसीतले. मी एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये होतो आणि शेजारच्या खोलीतला संदेश त्याच कंपनीत ऑपरेटर. आमच्या पाळ्या बदलत्या असायच्या. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपणार, हे कोणालाही कळेल. मालक मात्र दुपारचं जेवण झालं की चाळीचा मेन स्विच बंद करून टाकत. कारण विचारलं तर दुपारच्या पंख्याने सांधे धरतात, असं सांगत. कोणी वाद घातलाच तर त्यांचं ठरलेलं वाक्य होतं: "दिवसा झोपणाऱ्याला पंखा लागत नाही, लाज लागते." मे महिन्यात पत्र्याखाली घामाने निथळत पडलेल्या माणसाला ते हे वाक्य दाराबाहेर उभं राहून ऐकवत. विजेचं बिल आम्हीच वाटून भरत होतो, तेव्हा हा कंजूषपणाही नव्हता. कंजूष माणसाच्या पदरात निदान काहीतरी पडतं. यांना फक्त एवढंच हवं होतं की बिरवाडीतल्या एकाही पंख्याने त्यांना विचारल्याशिवाय फिरू नये.

त्यांच्या बायकोला मात्र काकी म्हटलेलं चालत होतं. काकी बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. मालक कामाला महाडला गेले की थोड्याच वेळात मेन स्विच चालू व्हायचा. कोण चालू करतं ते आम्ही कधी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही.

कुणाच्याही घरी गेले की मालक आधी वर बघत. माणसं नंतर. आमच्या गल्लीत एका घरी म्हातारी गेली, तेव्हा तिसऱ्या दिवशी आम्ही चाळीतले चारपाच जण मालकांबरोबर भेटायला गेलो. खोली माणसांनी भरलेली, म्हातारीचा मुलगा खाली मान घालून बसलेला. मालक त्याच्या शेजारी बसले, वर बघितलं आणि म्हणाले, "एक पातं खाली आलंय." मुलाला वाटलं ते आईबद्दलच काही बोलताहेत, तो हुंदका देऊन मान हलवू लागला. मग मालकांनी त्यालाच स्टूल आणायला लावलं. पंखा बंद झाला. भर उकाड्यात सगळी माणसं पदराने आणि टोपीने वारा घेत बसली आणि हे स्टुलावर चढून पातं वाकवत होते. चालू केल्यावर पंखा असा हेलकावे खाऊ लागला की त्याच्या खाली बसलेल्या बायका उठून भिंतीकडे सरकल्या. त्या मुलाने भीत भीत सांगितलं की आधी एवढा हलत नव्हता. त्यावर मालकांनी आपलं दुसरं ठरलेलं वाक्य टाकलं: "पंख्यातलं मला सांगू नका." आणि सांत्वनाचा एक शब्द न बोलता आम्हाला घेऊन बाहेर पडले.

अशा माणसाकडे पिकअप गाडी असणं हा खरं तर शेजाऱ्यांना ताप. ती त्यांनी जुनी घेतली होती. महाडहून सिमेंट, पत्रे, कुणाचं घरसामान असं काहीबाही आणत. तेवढं ठीक चाललं होतं. मग एका बंद पडलेल्या कंपनीच्या भंगारात त्यांना पाण्याची टाकी असलेला दोन चाकांचा ट्रेलर मिळाला. ट्रॅक्टरला जोडून ओढायचा तो. मालकांनी पिकअपच्या मागे हूक वेल्डिंग करून घेतला आणि टाकी भरून हायवेपर्यंत एक फेरी मारली. परत आले तेव्हा बॉनेटमधून वाफ निघत होती.

महाडच्या गॅरेजवाल्याने त्यांना सरळ सांगितलं की या गाडीच्या मागे एवढं वजन लावू नका, आधी रेडिएटर साफ करून घ्या आणि ओढायचंच असेल तर रेडिएटरचा पंखा जास्त ताकदीचा लागेल. मी तेव्हा सोबत होतो. एवढ्या सगळ्यातून मालकांच्या कानात एकच शब्द शिरला. घरी येईपर्यंत त्यांचा चेहरा असा उजळला होता, जणू त्यांना कोणी बढती दिली होती. गाड्यांच्या जगालाही अखेर त्यांची गरज पडली होती.

त्यांनी हायवेवरच्या भंगारवाल्याकडून कुठल्याशा मोठ्या परदेशी गाडीचा विजेवर चालणारा जोडपंखा आणला. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा मूळचा पंखा काढून टाकला आणि हा जोडपंखा लोखंडी पट्ट्या ठोकून रेडिएटरच्या मागे बसवला. त्याच्या दोन वायरी, छताच्या पंख्याला लावतात तसल्या प्लॅस्टिकच्या कनेक्टरमध्ये स्क्रूने आवळल्या. चालू-बंद करायला गाडीच्या डॅशबोर्डवर घरातलं पांढरं बटण आलं. संदेशने विचारलं की यातली प्लस कोणती आणि मायनस कोणती ते बघितलं का. मालक हसले. त्यांनी आम्हाला उभं करून शिकवलं की पंख्याला उलटसुलट नसतं, वायर कुठलीही कुठेही लावा, पंखा फिरायचा त्याच बाजूला फिरतो. घरातल्या पंख्याचं हे खरं आहे. बॅटरीवरच्या पंख्याचं तसं नसतं, वायरी बदलल्या की तो उलटा फिरतो. हे आम्हालाही तेव्हा माहीत नव्हतं. पण आम्ही कोणाला शिकवत नव्हतो.

चाचणी अंगणात झाली. सगळ्या भाडेकरूंना बाहेर बोलावलं. गाडी उभी, इंजिन चालू, पांढरं बटण दाबलं. विमान उतरावं तसा आवाज आला. बराच वेळ झाला तरी तापमानाचा काटा मध्यावरच. मालक एकेकाला केबिनमध्ये बसवून काटा दाखवत होते. गाडीच्या समोर काकींनी जुन्या साडीवर साबुदाण्याच्या पापड्या वाळत घातल्या होत्या. त्या एकेक करून उडायला लागल्या. काकी गोळा करत गाडीपुढे आल्या, जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो, वारा पुढं येतोय. गरम येतोय. आत नको का जायला?"

मालकांनी काट्यावरची नजर न हलवता सांगितलं, "पंख्यातलं मला सांगू नकोस. पापड उचल."

काकींनी पापड्या उचलल्या.

त्याच उन्हाळ्यात संदेशच्या बहिणीचं लग्न ठरलं. त्यांची वाडी वरंधच्या वर, घाटरस्त्याला लागून. वाडीची विहीर एप्रिलातच तळाला जाते. म्हणून त्याच्या वडिलांनी वरंधच्या एका ट्रॅक्टरवाल्याला लग्नाच्या पाण्यासाठी सांगून ठेवलं होतं. हे संदेश मला खोलीत सांगत होता आणि मालक दाराशी. ते तिथे नेहमीच असत. आत येऊन म्हणाले की लग्नात ट्रॅक्टर शोभत नाही, पाणी आपण आणणार, आपल्याकडून पोरीला आहेर. संदेश नको म्हणत राहिला. पण मालकाला भाडेकरूने किती वेळा नको म्हणायचं? शेवटी त्याने घरी फोन केला आणि वडिलांनी ट्रॅक्टरवाल्याला नाही म्हणून कळवलं.

लग्न दुपारचं होतं. संदेश आधीच गेला होता. सकाळी मालकांनी आपल्या विहिरीवरून टाकी तोंडापर्यंत भरली, डोक्यावर नवी टोपी घातली आणि आम्ही निघालो. केबिनमध्ये ते, मधे काकी, कडेला मी. सपाटीवर गाडी कशीबशी निभावत होती. शिवथरच्या फाट्यावर काकींनी घळीच्या दिशेने हात जोडले. तेव्हाच काटा मध्याच्या वर सरकला होता. मी ते बोलून दाखवलं. मालकांनी पांढऱ्या बटणाकडे बोट केलं, जणू त्यातच माझं उत्तर होतं.

वरंध मागे पडलं आणि चढ लागला. गाडी कण्हायला लागली. मालक म्हणाले, स्पीड वाढवला पाहिजे, म्हणजे समोरून वारा लागेल. त्यांनी पाय दाबला तसा काटा आणखी वर गेला. समोरून येणारा वारा आणि आतून बाहेर फेकणारा पंखा एकमेकांना अडवत होते आणि मधे रेडिएटर भाजत होता. दुसऱ्या वळणावर वाफेचा लोट उठला आणि पुढची काच पांढरी झाली.

गाडी कडेला घेतली. टायरांना दगड लावले. मालकांनी टाकीचा नळ सोडून बादलीने रेडिएटरवर पाणी मारलं. इंजिन नुसतंच चालू ठेवलं तर काटा हळूहळू खाली आला. तेव्हा ते माझ्याकडे वळून म्हणाले की पंखा चोख आहे, दोष वजनाचा आहे. आम्ही पुन्हा निघालो आणि पुढच्याच वळणाला पुन्हा वाफ. तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा ते काही न बोलता मागे गेले. मला वाटलं बादली भरायला गेले असतील. पाण्याचा मोठा आवाज आला म्हणून मी धावत गेलो, तर टाकीचा खालचा मोठा व्हॉल्व्ह त्यांनी पूर्ण उघडला होता.

मी त्यांचा हात धरला. हे पाणी लग्नाचं आहे, असं मी ओरडूनच म्हणालो. त्यांनी शांतपणे समजावलं की अर्धं पाणी पोचणं हे शून्य पाणी पोचण्यापेक्षा बरं. हिशोब असा ऐकला की बरोबरच वाटतो. फक्त हा हिशोब त्यांनी स्वतःच आणून उभा केला होता. बाजूला होण्याऐवजी ते व्हॉल्व्हपुढे उभे राहिले आणि बिरवाडीच्या विहिरीचं गोड पाणी डांबरावरून खाली पळत सुटलं.

नेमकी त्याच वेळी खालून वऱ्हाडाची मिनीबस आली. नवरा पोलादपूरकडचा, सगळं वऱ्हाड त्या बसमध्ये. टायर पाण्यातून फचफच करत बस आमच्या मागे थांबली. माणसं उतरली. कुठली पाइप फुटली, असं कोणीतरी विचारलं. दोघातिघांनी मोबाइल काढून वाहत्या पाण्याचा व्हिडिओ घेतला. मुलीकडचं लग्नाचं पाणी चाललंय हे कळलं, तेव्हा नवऱ्याच्या मामाने एवढंच विचारलं की आम्ही वर जाऊन हात कशाने धुवायचे. मालक त्याला वजन आणि चढ यांचा संबंध समजावून सांगू लागले.

वरच्या अंगाने संदेशचे वडील चालत येत होते. उशीर का झाला बघायला निघालेले, कपाळाला हळदीकुंकू, नव्या धोतराला लागलेली धूळ. ते आले, बसकडे बघितलं, व्याह्यांकडे बघितलं, मग रस्त्याकडे. चारशे माणसं यायची होती आणि ट्रॅक्टरवाल्याला त्यांनी स्वतः नाही म्हटलं होतं. ते धावत टाकीजवळ गेले, मालकांना बाजूला सारलं आणि दोन्ही हातांनी व्हॉल्व्ह आवळला. मग टाकीला कान लावून वरून खालपर्यंत बोटाने वाजवत गेले.

"चौथा हिस्सा पण नाय," ते म्हणाले. ते मालकांना उद्देशून नव्हतं, कोणालाच उद्देशून नव्हतं.

मालक म्हणाले, "आता बघा कशी चढते. वजन गेलंय."

तेव्हा काकी केबिनमधून उतरल्या. गाडी चालूच होती. त्या गाडीच्या पुढे जाऊन जाळीसमोर उभ्या राहिल्या आणि पदराचं टोक जाळीपुढे धरलं. पदर आत ओढला जायला हवा होता. तो बाहेर उडाला, निशाणासारखा, सगळ्या वऱ्हाडाकडे. काकींनी तो तसाच धरून ठेवला, सगळ्यांनी नीट बघेपर्यंत. मग मालकांजवळ आल्या, त्यांच्या खिशातला पिवळा टेस्टर काढला आणि माझ्या हातात दिला.

"त्या दोन वायरी आहेत ना, संदेश म्हणत होता त्या. त्या बदल."

मालक म्हणाले, "त्याला काही कळत नाय त्यातलं." रागावले की त्यांचं 'नाही' 'नाय' व्हायचं.

"तुम्हाला तरी काय कळतंय," काकी म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. इतक्या माणसांसमोर त्या नवऱ्याला असं पहिल्यांदाच बोलल्या असाव्यात, कारण मालक तोंड उघडं ठेवून उभे राहिले आणि मला अडवायचं विसरले.

मी इंजिन बंद करून, जरा निवू देऊन, कनेक्टरचे दोन स्क्रू सैल केले आणि वायरींची अदलाबदल केली. काम विडी ओढून होईल एवढ्या वेळाचं. पांढरं बटण दाबलं आणि काकींनी पुन्हा पदर धरला. तो फाटकन जाळीला चिकटला. वऱ्हाडातल्या बायका हसल्या. एकीने टाळी वाजवली.

त्यानंतर गाडी न थांबता वाडीपर्यंत चढली. काटा मध्यावरून हलला नाही. एवढं मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं की पंखा जबरदस्त होता. मालक वाटभर हॉर्न वाजवत होते. माझ्या डोक्यात मात्र एकच गोष्ट चालली होती. ही दोन स्क्रूंची गोष्ट अंगणातच झाली असती, पापड्या उडत होत्या तेव्हा, तर टाकी आता तोंडापर्यंत भरलेली असती.

लग्न झालं. पाणी पिण्याला आणि भाताला पुरलं, बाकी कशाला नाही. ताटं धुवायला पाणी नव्हतं म्हणून पत्रावळी आणल्या गेल्या, हात धुवायला एकेकाला अर्धा पेला मिळाला आणि वाडीच्या बायका सणाच्या साड्या खोचून लांबच्या झऱ्यावरून हंडे आणत राहिल्या. त्यात नवरीच्या आत्या होत्या, मावश्या होत्या. जेवणाच्या पंगतीत एकही जण बसल्या जागी निवांत जेवला नाही. ट्रॅक्टरवाल्याला पुन्हा निरोप गेला होता. तो दुसरीकडचं काम आटपून आला तेव्हा मांडवातली खरकटी उचलून झाली होती. संदेशच्या वडिलांनी त्याला हात जोडले आणि टाकी विहिरीत रिकामी करून घेतली.

मानपानात मालकांनाही टॉवेल-टोपी आणि नारळ मिळाला. संदेशच्या वडिलांनी स्वतः दिला. मी नंतर त्यांना विचारलं की यांना कशाला. ते म्हणाले, "माझ्या दारात आलेला माणूस हाय. त्याला काय रिकामा पाठवू?" मालकांनी नारळ कानाशी हलवून बघितला आणि पाणी कमी आहे म्हणाले.

मुलगी निघाली तेव्हा सगळ्या मोठ्यांच्या पाया पडत पडत आमच्यापर्यंत आली. रडून रडून डोळे सुजलेले. सकाळी काय झालं ते तिला कळलं होतं. हळद लागलेल्या अंगाने तिला दिवसभर पाण्याच्या नावाने घरात कुजबूज ऐकावी लागली होती आणि आपल्या वडिलांना व्याह्यांपुढे मान घालून उभं राहिलेलं बघावं लागलं होतं. ती मालकांच्या पायांशी वाकली, उठली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाली,

"काका, माझ्या सासरी पण उन्हाळ्यात पाणी नसतं. तुम्ही नका येऊ."

काका म्हटलेलं त्यांनी त्या दिवशी खपवून घेतलं. तिच्या डोक्यावर हात ठेवून ते मोठ्याने म्हणाले की कधीही बोलव, टाकी भरून आणतो. ती पुन्हा हळूच "नको" म्हणाली आणि पुढे गेली. संदेश माझ्या शेजारी उभा होता. तो जमिनीकडे बघत होता, पण दाबलेल्या हसण्याने त्याचे खांदे हलत होते.

मी बिरवाडी सोडेपर्यंत मालकांनी ही हकीगत चाळीत येणाऱ्या प्रत्येक नव्या भाडेकरूला ऐकवली. त्यात वाफ नव्हती, वाहून गेलेलं पाणी नव्हतं. घाट होता, भरलेली टाकी होती आणि त्यांचा पंखा होता. शेवटी ते नेहमी नवरीवर येत. पोरगी किती समजूतदार, म्हणत. भर लग्नात माझे पाय धरून म्हणाली, काका, तुम्ही नका येऊ, तुम्हाला त्रास होईल.

एकदा ओट्यावर बसून ते हे सांगत असताना काकी आत तांदूळ निवडत होत्या. सुपातली नजर वर न करता त्या म्हणाल्या, "त्रासाचं काय बोलली नाय ती."

मालक नव्या भाडेकरूकडे वळून म्हणाले, "मनात होतं तिच्या."